चिकन कोण तळणार?

नागपूरला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला नाही, व्हाइट हाउससमोर उभं राहून फोटो काढला नाही. दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात मी टेक्ससमध्ये होते आणि त्यातले सगळ्यात लक्षात राहिलेले दिवस मी एका आडगावात, चर्चच्या जेवणासाठी कोंबडी कोणी तळायची या वादात घालवले. ज्यांना धबधबेच हवेत त्यांनी आमच्या शेजारच्या काकूंकडे जावं. त्यांच्याकडे अल्बम आहे.

मी सुमन मेश्राम. नागपुरात मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झाले. म्हणजे पोरींना पोळी गोल लाटायला आणि नवऱ्याशी सरळ बोलायला शिकवलं. यातलं पहिलं अभ्यासक्रमात होतं. माझी मुलगी प्रज्ञा डॉक्टर आहे. तिकडच्या व्हिसाच्या नियमात एक गंमत आहे. परदेशी डॉक्टरला राहायचं असेल, तर जिथे अमेरिकन डॉक्टर जायला राजी नसतो अशा ठिकाणी त्याने काही वर्षं काढायची. आपल्याकडे गडचिरोलीला बदली झाली की लोक ती रद्द करायला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात. तिकडे गडचिरोली मिळावी म्हणून अर्ज करतात. प्रज्ञाला टेक्ससच्या पूर्वेकडची एक गडचिरोली मिळाली. जावई सुहास अर्विंगला कॉम्प्युटरवर असतो आणि शनिवार-रविवारी दोघांपैकी एकजण गाडी हाणत दुसऱ्याकडे जातो. याला ते संसार म्हणतात.

अर्विंग

अर्विंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घरं, दुकानं, पुन्हा घरं, आणि एका भारतीय दुकानात आपल्या हळदीरामपेक्षा जुनी शेव. सुहासच्या मित्राकडे पॉटलक होतं. पॉटलक म्हणजे पाहुण्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा आणि यजमानाने फक्त पायपुसणं झटकायचं. पुण्याची, मुंबईची, नागपूरची पोरं होती. सगळी "मावशी, मावशी" करत होती आणि त्यांची लेकरं माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होती.

मी आलूबोंडे नेले होते. मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू माझ्याजवळ येऊन बसल्या.

"नागपूरच्या का तुम्ही? नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"अच्छा. आणि आडनाव?"

"मेश्राम."

"अच्छाऽऽ."

या दुसऱ्या 'अच्छा'ची लांबी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. काकू वाईट नव्हत्या. त्यांनी बोंडा खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या. मग पलीकडच्या बाईला ढोकळ्याची कृती विचारायला उठून गेल्या.

परत येताना मी गाडीत बोंड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. सुहास म्हणाला, "आई, सोडून द्या. इथे कोणी तसलं मानत नाही."

"मानत नाहीत तर विचारतात काहून?" मी म्हटलं. त्याने रेडिओ लावला.

पूर्वेकडे

प्रज्ञा मला न्यायला आली. अर्विंगहून निघालं की तासाभरात टेक्सस बदलतं. सपाट कोरडी जमीन संपते आणि पाइनची उंच झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकतात. माती लाल होते. हवा इतकी दमट, की खिडकीची काच उघडली तर ओला पंचा तोंडावर आल्यासारखं वाटतं. पेट्रोल पंपावर एका म्हातारबाबाने उकडलेल्या शेंगा विकायला ठेवल्या होत्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या! मी अर्धी पिशवी तिथेच उभ्याने संपवली. म्हातारबाबा इतका खूश झाला की त्याने मला त्याच्या हर्नियाची पूर्ण हकिकत सांगितली.

"आई, तू डॉक्टर आहे असं वाटलं त्याला," प्रज्ञा म्हणाली.

"तू डॉक्टर असून तुला कोणी सांगत नाही. तोंड हसरं ठेवत जा."

काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, सीमेवर दारूची दुकानं ओळीने उभी होती. मी विचारलं तर कळलं की आत दारूबंदी आहे. मला एकदम वर्ध्याला आल्यासारखं वाटलं.

गाव

गावाचं नाव सांगत नाही. मला तिथे परत जायचं आहे.

गावाच्या मधोमध कोर्टाची लाल इमारत, बाजूने आगगाडीचे रूळ. रुळाच्या अलीकडे गोऱ्यांचं चर्च, पलीकडे काळ्यांचं. दोन्ही एकाच पंथाची, दोन्हीकडे येशू तोच, भजनंही बरीचशी तीच. न्हावी दोन. दफनभूमी दोन. मेल्यावर घेऊन जाणारी दुकानंसुद्धा दोन. कायद्याने सगळं कधीच एक झालंय. पण कायद्याने एक करायचं आणि सवयीने दोन ठेवायचं, हे जमवायला काय अक्कल लागते हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

डॉक्टर मात्र एकच, माझी लेक. तिचा दवाखाना जुन्या इमारतीत आहे आणि त्या इमारतीला पुढून दोन दारं आहेत. एका दारातून सगळे पेशंट येतात. दुसऱ्या दारातून आता औषधांची खोकी येतात. ते दार कशासाठी होतं हे मी विचारलं नाही. आमच्या आजोळच्या विहिरीलाही दोन बाजू होत्या.

वर्षभरापासून या काउंटीत एक सलोखा समिती चालली होती. गोऱ्या चर्चचे पास्टर टिम हे त्यातले सर्वांत उत्साही गृहस्थ. तिशीचे, गुबगुबीत, चेहऱ्यावर कायम घाम आणि हसू. दर वाक्यात 'हीलिंग'. आधी दोन्ही चर्चनी एकत्र प्रार्थना केली. मग खुर्च्या गोल मांडून मनातलं बोलण्याच्या बैठका झाल्या. प्रज्ञा दोन्ही बाजूंची डॉक्टर म्हणून तिलाही बसवलं होतं.

"काय बोलतात?" मी विचारलं.

"गोरे सांगतात की त्यांना किती वाईट वाटतं. काळे ऐकून घेतात. मग कॉफी."

"बरोबर. आपल्याकडे कॉफीऐवजी चहा असतो."

तर आता पुढची पायरी होती जेवण. शनिवारी संध्याकाळी, गोऱ्या चर्चच्या जेवणघरात, सगळी काउंटी एकत्र. पास्टर टिमने पत्रकं छापून दोन्ही बाजूंना वाटली. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आपल्या सर्वांच्या लाडक्या अर्लीनचं सुप्रसिद्ध फ्राइड चिकन आणि पीच कॉबलर!" कॉबलर म्हणजे भट्टीत भाजलेला फळांचा गोड पदार्थ.

अर्लीन ही पलीकडच्या चर्चमधली पंचाहत्तरीची बाई. तिने चाळीस वर्षं बार्बरा नावाच्या एका गोऱ्या बाईच्या घरी स्वयंपाक केला होता. गावातल्या अर्ध्या गोऱ्या पोरांच्या वाढदिवसाचे केक तिच्या हातचे. तिला न विचारता तिचं नाव कोंबडीच्या शेजारी छापलं गेलं. अर्लीनने पत्रक वाचलं, घडी घालून पास्टरच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, मी येणार नाही. ती येणार नाही म्हटल्यावर पलीकडचं चर्च म्हणालं, मग आमचंही नक्की नाही.

वर्षभराची मेहनत कोंबडीवर आपटली.

मंगळवार

पास्टर टिम दवाखान्यात आले तेव्हा मी वेटिंग रूममध्ये भेंडी चिरत बसले होते. तिकडे भेंडी मक्याच्या पिठात घोळून तळतात, ती खाऊन खाऊन मी कंटाळले होते.

"मी तिचा सन्मान करायला गेलो होतो!" ते प्रज्ञाला म्हणाले. "सगळं गाव तिच्या हातचं खाऊन मोठं झालंय!"

मला हसू आलं, कारण हे आमच्या अगदी उलटं होतं. आमच्याकडे आमच्या हातचं कोणी खात नव्हतं. माझे वडील खेड्यात मास्तर होते. एका सुधारक पुढाऱ्याने सहभोजन ठेवलं आणि वडिलांना पंगतीत मुद्दाम मध्ये बसवलं, फोटोसाठी. पानं पत्रावळींची होती. जेवण झालं, भाषणं झाली, पत्रावळी उकिरड्यावर गेल्या आणि पुढाऱ्याच्या बायकोने अंगणात गोमूत्र शिंपडलं. वडील ही गोष्ट पोट धरून हसत सांगायचे. मला मात्र ती ऐकताना दर वेळी राग यायचा. इथे मात्र काळ्या बाईच्या हातचं खाण्यात कोणालाच कधी अडचण नव्हती. पिढ्यानपिढ्या तिच्याच हातचं खाल्लं. तिने शेजारी बसायचं तेवढं नव्हतं. म्हणजे आमच्या सनातन्यांना आणि यांच्या सनातन्यांना एकत्र बसवलं असतं, तर काय बाटतं आणि काय बाटत नाही यावर त्यांचं दिवसभर भांडण झालं असतं.

मी हे सगळं माझ्या शाळेच्या इंग्रजीत पास्टर टिमना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर साक्षात्कार झाला होता.

"तुम्ही कराल का स्वयंपाक? तुम्ही दोन्हींपैकी कुठल्याच बाजूच्या नाही. कोणालाच बोलायला जागा राहणार नाही. भारतीय जेवण! किती हीलिंग!"

प्रज्ञाने टेबलाखालून मला लाथ मारली. पण मला जन्मात कोणी काउंटीचं जेवण करायला सांगितलं नव्हतं. मी फुगले. वरण, भात, भरली वांगी, सुधारस, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. "करते की," मी म्हटलं.

"काय करून राहिली आई तू?" पास्टर गेल्यावर प्रज्ञा म्हणाली. चिडली की तिचं टेक्सस गळून पडतं आणि इंदोरा बाहेर येतं.

बुधवार

तूरडाळ नव्हती, म्हणून मी पिवळे वाटाणे भिजत घातले. दुपारी दवाखान्यात बसले होते, तर एक उंच, ताठ बाई साखर तपासायला आली. कडक इस्त्रीचा निळा झगा, हातात पर्स. माझ्यासमोर बसली आणि मला वरून खाली नीट पाहिलं.

"म्हणजे तुम्हीच का त्यांची नवी कुक?"

हीच अर्लीन हे मला विचारावं लागलं नाही.

"मी डॉक्टरांची आई," मी म्हटलं. "शाळेत स्वयंपाक शिकवायचे मी. टीचर."

"मीपण शिकवायचे," ती म्हणाली. "मिस बार्बराच्या दोन्ही मुलींना मीच शिकवलं. धाकटी अजून फोन करते, ग्रेव्हीत गुठळ्या झाल्या की."

"मग शनिवारी मी केलं तर तुम्हाला राग येईल?"

"मला कशाला येईल? तुम्हाला येईल." तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. "एकदा तिथे एप्रन बांधलात ना, की सगळे तुमच्याशी इतके गोड बोलतील की विचारू नका. मिठ्या मारतील. तुम्ही आमच्या घरच्याच म्हणतील. आणि घरच्या बाईने काय करायचं? सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभं राहून खायचं. गार झालेलं."

मला राग आलाच. आधी तिचा, मग माझाच. मुलींना इतकी वर्षं मान ताठ ठेवायला शिकवलं आणि एका घामट पास्टरने गोड बोलून मला दोनशे माणसांची आचारीण केली, आणि मी वर खूश!

"तुम्हाला काय पाहिजे मग?" मी विचारलं.

"मला बसायचंय," अर्लीन म्हणाली. "मी त्या बाईला चाळीस वर्षं वाढलं. तिच्या कॉफीत दूध किती ते मी झोपेत सांगेन. माझ्या कॉफीत काय असतं ते तिला विचारा. एकदा तिने स्वतः रांधावं आणि आणून माझ्यापुढे ठेवावं. तसं होणार असेल तर मी येईन. नाहीतर शनिवारी टीव्हीवर बेसबॉल आहे."

"त्यांना येतो का स्वयंपाक?"

"नो, मॅम," अर्लीन म्हणाली आणि इतकी हसली, की नर्सला तिचं ब्लड प्रेशर पुन्हा घ्यावं लागलं.

वेटिंग रूम भरलेली होती. संध्याकाळपर्यंत हे बोलणं रुळाच्या दोन्ही बाजूंना पोचलं. मी पास्टर टिमना फोन करून सांगितलं की मी काही करणार नाही, आजवर ज्यांनी बसून खाल्लं त्यांनीच आता करावं आणि वाढावं. मग ते बारीक आवाजात म्हणाले, "पण आमच्या बायकांचा स्वयंपाक तुम्ही खाल्ला नाहीत."

भिजवलेले वाटाणे मायलेकींनी पुढे तीन दिवस खाल्ले.

गुरुवार

बार्बराचे गुडघे दुखतात, म्हणून प्रज्ञा तिला घरी जाऊन बघते. या वेळी तिने निरोप पाठवला, आईलाही चहाला घेऊन ये. चहा म्हणजे बर्फाचा, आणि त्यात इतकी साखर की चमचा उभा राहावा. पांढऱ्या खांबांची ओसरी, छताला संथ फिरणारा पंखा. बार्बरा नाजूक, देखणी म्हातारी. काठी टेकत आली. माझा हात हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "अर्लीन आमच्या घरचीच होती हो."

मी ग्लास खाली ठेवला. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. "आई, प्लीज," ती मराठीत पुटपुटली.

"तुमच्याबरोबर जेवायला बसायची?" मी बार्बराला विचारलं.

"तिला किचनमध्येच बरं वाटायचं."

"असं ती म्हणाली होती?"

बार्बराने ग्लासवरचं पाणी बोटाने पुसलं. मग एकदम मान वर करून म्हणाली, "मी करणार शनिवारी. माझ्या आईचं चिकन अँड डंपलिंग्ज करेन. आमच्या घरचा पदार्थ आहे तो. आई दर रविवारी..." आणि थांबली.

"आई करायच्या?"

"लूसील करायची," ती हळूच म्हणाली.

"लूसील कोण?"

"अर्लीनची आई."

बार्बरा आपल्या हातांकडे बघत होती. "म्हणजे आमचं असं काहीच नाही," ती म्हणाली. "माझ्या घरातला एकही वास माझा नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःची चीडही आली. आपल्या माणसांसाठी रडायला वेळ पुरत नाही आणि इथे मी खांबवाल्या घराच्या मालकिणीसाठी हळवी होत होते. पण आली ती आलीच.

मग ती काठी टेकत आत गेली आणि तयार सूपचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्याच्या मागे हिरव्या शेंगांच्या, म्हणजे आपल्या फरसबीच्या, कॅसरोलची कृती छापलेली होती. कॅसरोल म्हणजे सगळं एका भांड्यात घालून भट्टीत ढकलायचं आणि देवावर सोडायचं.

"हे मला जमेल?" तिने विचारलं. पंचाहत्तरीची बाई, आणि आवाज माझ्या आठवीतल्या पोरींसारखा.

"वाचता येतं ना? जमेल," मी म्हटलं. माझे हात शिवशिवत होते. दहा मिनिटांत तिला करून दाखवलं असतं. प्रज्ञाने मला दंडाला धरून गाडीत बसवलं.

शनिवार

जेवणघरात लांब घडीची टेबलं आणि कागदी ताटल्या. प्रत्येक खुर्चीवर समितीने नावाची चिठ्ठी ठेवली होती, एक गोरा, एक काळा, एक गोरा, एक काळा. माणसं आली, गप्पा मारता मारता चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करत राहिली आणि थोड्याच वेळात एकीकडे सगळे गोरे, दुसरीकडे सगळे काळे असे आरामात बसले. कोणी भांडलं नाही, कोणी ठरवलंही नाही. पास्टर टिम चिठ्ठ्या हातात घेऊन मधोमध उभे होते. पलीकडच्या चर्चमधले निम्मेच लोक आले होते, तेही दाराकडे डोळे लावून.

गोऱ्या चर्चच्या बायका-पुरुषांनी एप्रन बांधले होते. हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकाने उलटा बांधला होता. मॅकरोनी थिजली होती. एका हिरव्या जेलीत किसलेलं गाजर लटकत होतं, ते कोणी आणि का केलं हे मला अजून कळलेलं नाही. शेंगांच्या कॅसरोलचा एक चमचा मी चाखला. पाकिटाच्या डिंकाची चव. मी बाकीचा ताटलीच्या कडेला सरकवला आणि त्यावर पाव ठेवला.

मग अर्लीन आली. फिकट जांभळा सूट, तसलीच मोठी हॅट, रविवारचे बूट. ती कोणाकडे न बघता पुढच्या टेबलाशी गेली, स्वतः खुर्ची ओढली आणि बसली. पर्स मांडीवर ठेवली. आमचं टेबल शेजारीच होतं. प्रज्ञाने माझा हात दाबला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. बार्बरा ताट घेऊन येत होती. दोन्ही हातांनी धरावं लागत होतं, म्हणून काठी आत ठेवून आली होती. एकेक पाऊल टाकत. एक तरुण मुलगी मदतीला उठली, तिला बार्बराने मानेनेच नाही म्हटलं. ताट अर्लीनपुढे ठेवलं.

"कॉफी कशी हवी तुला?"

"काळी. दोन चमचे साखर," अर्लीन म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही जरा तिकडे बघा."

प्रज्ञाने खरोखर तिकडे बघितलं. बार्बरा पुन्हा आत गेली, पुन्हा आली. कप ठेवला, निम्मी कॉफी बशीत. आणि मग ती खुर्चीच्या मागे उभीच राहिली. आता काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. बसायचं, की जायचं, की काही मागतील म्हणून थांबायचं. तिला कोणी कधी तसं उभं केलं नव्हतं. अर्लीनने मागे वळून पाहिलं नाही. काटा उचलला आणि खायला लागली.

बार्बराने खुर्चीच्या पाठीला धरलं. पास्टर टिम खुर्ची घेऊन धावायला उठले. मी त्यांचा शर्ट मागून धरला.

"बसा," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. ते बसले.

अर्लीन सावकाश जेवली. हॅम, पाव, मॅकरोनी, आणि तो कॅसरोल, सगळा. घाई नाही, तोंड वाकडं नाही. तिच्याकडच्या टेबलांवर कोणी हलत नव्हतं. मला वाटलं, आता ही उठेल, रुमालाने तोंड पुसेल आणि निघून जाईल, आणि तिने तसं केलं तर मी तिला दोष देणार नाही. तिने रुमालाने तोंड पुसलं.

"बार्बरा," ती म्हणाली. 'मिस' नव्हतं. "तू जेवलीस का?"

बार्बराने नकारार्थी मान हलवली.

"मग तुझं ताट घेऊन ये. ही खुर्ची रिकामी आहे."

बार्बरा गेली आणि तिचं ताट घेऊन आली. अर्लीनने पायाने खुर्ची मागे सरकवून दिली. बार्बरा टेकली, एकदा डोळे मिटले, आणि आपल्याच कॅसरोलचा पहिला घास तोंडात घातला. चावता चावता थांबली. कसाबसा गिळला.

"अर्लीन," ती म्हणाली, "हे सगळं कसं खाल्लंस तू?"

अर्लीनने कॉफीचा घोट घेतला. "पाहुणी म्हणून आले होते मी. पाहुण्याने ताटात टाकायचं नसतं."

बार्बरा रडायला लागली. मीही रडत होते, मोठ्याने. प्रज्ञाने मला टिश्यू दिला आणि माझ्या ताटलीतला पाव हळूच उचलला.

"आई," ती म्हणाली, "संपव."

मी संपवला.